धुराला वाट

हिलाल मिस्त्री खोकला की सुरतेतल्या कतारगामच्या त्या गल्लीत कुणी मान वर करून पाहत नसे. वेल्डिंगवाला माणूस खोकणारच, जसा पिठाच्या गिरणीवाला पांढरा दिसणारच. हिलालचंही मत तेच होतं. "लोखंडाचं खातो, मग लोखंडाचा धूर घ्यायला कशाला लाजायचं?" असं हसून म्हणायचा, गमछा नाकावर ओढायचा आणि होल्डर हातात घ्यायचा.

मूळचा तो अमळनेरकडचा. जवानीत ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने सुरतेला आला तो मागावर बसायला. पण मागाचा खडखडाट त्याला मानवला नाही, आणि मागाच्या मोडक्या चौकटी जोडणाऱ्या मिस्त्रीकडेच तो राहून गेला. पुढे स्वतःचं दुकान झालं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे शटर, वर पत्रा, मागे हातभर खिडकी, तीही भंगार पट्ट्यांच्या ढिगाआड बुजलेली. हाताखाली बायकोचा भाऊ योगराज. राहायचं समोरच्याच चाळीत, वरच्या मजल्यावर.

दुकानाच्या भिंतीला भिंत लावून उषाबाईचं एकमजली घर होतं. ती परभणीकडची. नवरा दत्तू पॉवरलूमवर आणि ती घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम आणायची. मागच्या अंगणात खाटा मांडून त्यावर गोंद ओला असलेल्या साड्या पसरायची. हिलालच्या त्या बुजलेल्या खिडकीचं तोंड याच अंगणाकडे होतं. इतक्या वर्षांत दोन्ही घरांत भांडण नव्हतं आणि फार घरोबाही नव्हता. संक्रांतीला तिळगूळ जायचा-यायचा, तेवढंच.

सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. शहर तोवर धुऊनपुसून उभं राहिलं होतं. जिकडेतिकडे नवी बांधकामं, नव्या टाक्या. दिवाळी झाली आणि कोसाडच्या एका सोसायटीचं काम हिलालकडे आलं. जिन्यांचे कठडे आणि पाण्याच्या टाक्यांचे स्टँड. एरवी त्याचं काम काळ्या लोखंडाचं. हे पाईप मात्र गंजू नयेत म्हणून जस्त चढवलेले, चांदीसारखे चकचकीत.

कामाला लागले त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता. रस्त्यावरची धूळ आत येत होती, म्हणून हिलालने शटर अर्ध्यावर ओढून घेतलं. योगराज बाहेर ओट्यावर पाईप कापत बसला आणि हिलाल आत जोडत राहिला. रॉड टेकला की जस्त जळायचं आणि पांढराशुभ्र धूर उठायचा. पिंजलेल्या कापसाचे तुकडे तरंगावेत तसे त्याचे तुकडे हवेत हिंडत होते. तोंडात गोडसर चव आली. हिलाल थुंकला, पाणी प्याला, पुन्हा वाकला. दुपारपर्यंत पत्र्याखाली ढग साचल्यासारखं झालं होतं.

दिवेलागणीला तो घरी आला तेव्हा पाय जड झाले होते. बायकोने, धुरपदाबाईने, ताट वाढलं. पहिला घास तोंडात घेतला आणि तो थांबला. भाकरीला चवच नव्हती. मग हाडातून थंडी भरली. दात वाजायला लागले.

"तुम्हले थंडी वाजी ऱ्हायनी का?" धुरपदाबाईने कपाळाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. अंग तव्यासारखं तापलं होतं.

"काही नही. व्हई जाई बरं," तो म्हणाला. पण बोलता बोलता खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेना. छातीवर कुणी दगड ठेवावा तसं झालं. धुरपदाबाईने गोधडी टाकली, त्यावर दुसरी टाकली.

शेजारच्या खोलीतली बाई काय झालं म्हणून डोकावली. तिने गोधडीत थरथरणारा माणूस पाहिला, खोकला ऐकला आणि निघून गेली. मग शेजारचं दार लागलं. त्याच्या पलीकडचं लागलं. एरवी या वेळी व्हरांड्यात पोरांचा गोंधळ असायचा. तो एकदम थंडावला. कुणीतरी खाली कडुनिंबाचा पाला पेटवला. गेल्या वर्षी याच गल्लीतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी स्टेशनकडे पळाली होती, ते कुणी विसरलं नव्हतं. ताप आणि खोकला हे दोन शब्द एकत्र आले की सुरतेचा माणूस अजून दार लावून घ्यायचा.

जिन्याखालून उषाबाईचा आवाज आला. पदर तोंडावर धरून ती उभी होती.

"धुरपदाबाई, ताप लई हाय का?"

"आमच्या घरचा ताप आमच्या घरात आहे," धुरपदाबाई वरून कडाडली. "तुम्हीबी लावून घ्या दार!"

उषाबाई हलली नाही. "दार मग लावते. आधी त्यांना दवाखान्यात न्या. मी रिक्षा थांबवते," ती म्हणाली आणि नाक्याकडे गेली.

डॉक्टर देसाईंचा दवाखाना नाक्याच्या पुढेच होता. योगराजने हिलालला धरून आत आणलं तशी बाकावर बसलेली माणसं सरकत सरकत भिंतीला टेकली. डॉक्टरांनी घसा पाहिला, काखेत आणि जांघेत गाठी चाचपल्या, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग नळी गळ्यात टाकून विचारलं, "मिस्त्री, आजे शुं काम कर्युं?"

"पाईप जोडले, साहेब."

"काळी के सफेद?"

"सफेद. जस्तवाले."

"शटर उघडं होतं?"

हिलालने नाही म्हणून मान हलवली. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले आणि पहिल्यांदा हसले. हा जस्ताच्या धुराचा ताप आहे, ते म्हणाले. दिवसभर धूर घेतला की संध्याकाळी चढतो, उद्या रात्रीपर्यंत उतरेल. गोळी देतो, श्वास जड झाला तर मात्र लगेच परत यायचं. "दूध-गूळ खा म्हणून तुम्हाला लोक सांगतील. खाल्लंत तरी उतरेल आणि नाही खाल्लंत तरी उतरेल. पण हा ताप म्हणजे शरीराने मारलेली हाक आहे. रोजचा काळा धूर हाक मारत नाही, तो गुपचूप आत बसतो. त्याचं काहीतरी करा."

मग ते उठले, दार उघडून बाहेरच्या माणसांकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाले, "प्लेग-बेग कंई नथी. वेल्डिंगनो धुमाडो छे. बेसो बधा निरांते." बाकावरची माणसं पुन्हा सैलावून बसली.

दुसऱ्या दिवशी उतरत्या दुपारी ताप गेला. अंग घामाने भिजून हलकं झालं. चाळीची दारं एकेक करून उघडली. शेजारीण वाटीभर खिचडी घेऊन आली आणि नजर न भिडवता ठेवून गेली. हिलालला तिचा राग आला नाही. पण पडल्या पडल्या त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. वीस वर्षं ज्यांच्या खिडक्यांना जाळ्या लावल्या, ज्यांच्या पोरांच्या सायकली फुकट जोडून दिल्या, ती माणसं एका खोकल्यासरशी आपल्यापासून दूर पळाली. आणि त्यांचं तरी काय चुकलं? खोकल्याकडे त्याने स्वतः कधी लक्ष दिलं होतं? थंडीच्या दिवसांत अधूनमधून अंग मोडून यायचं, ते तो हवेवर ढकलायचा. हवा कुठली, ते आता कळलं होतं.

कामाला लागण्याआधी त्याने खिडकीसमोरचा ढीग काढला. एका बंद पडलेल्या डाइंग हाऊसचा, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याचा, मोठा एक्झॉस्ट पंखा भंगारबाजारातून आणून खिडकीत बसवला. सुरू केला आणि दोघं बघत राहिले. पत्र्याखाली साचलेला धूर सरकत सरकत खिडकीबाहेर गेला आणि समोरची भिंत स्वच्छ दिसायला लागली. भिंतीचा रंग पोपटी आहे हे योगराजला त्या दिवशी कळलं.

"दाजी, हे आधी का नाही सुचलं?"

"आधी ताप नव्हता आला," हिलाल म्हणाला.

दोन-तीन दिवस मजेत गेले. मग एके दिवशी दुपारी उषाबाई दुकानात आली. हातात गुलाबी साडी होती, उलगडून धरलेली. टिकल्यांच्या भोवती, जिथे जिथे गोंद होता तिथे, करड्या राखेचे ठिपके बसले होते. बोटाने पुसले तर पसरत होते.

"हे काय करायलाव भाऊ?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच हिलालला जास्त लागला. "आज शेठनं अख्खा गठ्ठा परत केला. म्हणला, चुलीवर वाळवता का साड्या?"

योगराज मध्ये पडला. "मग काय आम्ही धूर पोटात ठेवायचा? तुमच्या साड्यांपुढे आमच्या छातीची काही किंमत नाही?"

"छाती मलाबी हाय की," उषाबाई म्हणाली. "मी दिवसभर त्याच अंगणात बसते."

योगराज पुन्हा पाईप कापायला वळला. हिलाल मात्र आजारातून नुकताच उठलेला, चिडखोर झालेला. तो म्हणाला, "मग मी मरू का, ताई?"

बोलला आणि तोच ओशाळला. उषाबाईने साडीची घडी घातली.

"मरा असं कोण म्हणलं? त्या दिवशी रिक्षा कुणी आणली होती?" एवढंच बोलून ती गेली.

हिलालने उठून पंखा बंद केला. त्या दिवशी त्याने आतलं काम केलंच नाही. होतं ते बाहेर ओट्यावर करता आलं तेवढं केलं.

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाई डबा घेऊन आली तर नवरा शटर पाडून, टेबलावर उदबत्ती पेटवून, त्याच्यासमोर टक लावून बसलेला.

"आता दुकानमा पूजा का?"

"धूर पाही ऱ्हायनू," तो म्हणाला.

खरंच तो धूर पाहत होता. इतकी वर्षं काळ्या काचेतून त्याने फक्त ठिणगी पाहिली होती, धुराकडे बघायला फुरसत नव्हती. आता शटर उघडून पाहिलं, अर्धं पाडून पाहिलं, पंखा क्षणभर लावून पाहिला. उदबत्तीवर वाकून वेल्डिंग करतो तसा उभा राहिला आणि योगराजला बाजूने बघायला सांगितलं.

"दाजी, धूर सरळ तुमच्या नाकात जातोय," योगराज म्हणाला. "मग तिथून पंख्याकडे वळतोय."

हिलाल खो खो हसत सुटला. पंख्याने भिंत स्वच्छ केली होती, पण जाणारा धूर त्याच्याच तोंडावरून जात होता. म्हणजे आपलीही सुटका नाही आणि शेजारणीचीही नाही. धुराला बाहेर जायला वाट होती, पण चुकीची. त्याला उठल्याजागी पकडायला हवं होतं, तोंडापर्यंत पोचण्याआधी. आणि सोडायचाही होता असा, की कुणाच्या अंगणात उतरणार नाही.

पहिली गोष्ट त्याच्या हातातली होती. लोहाराच्या भट्टीला लावतात तसला जुना ब्लोअर त्याने आणला. लोहार त्याची फुंकणारी बाजू वापरतो, हिलालने ओढणारी बाजू कामाला लावली. पत्र्याचं पसरट तोंडाचं नसराळं केलं आणि जाड कापडी नळीने ब्लोअरला जोडलं. पहिल्याच दिवशी ठिणगीने नळीला भोक पाडलं आणि दुकानात जळक्या कापडाचा वास सुटला. मग कापड काढून पत्र्याचीच नळी केली, मध्ये कोपरासारखा सांधा ठेवला, म्हणजे नसराळं हवं तिकडे वळवता येईल. कामापासून वीतभर अंतरावर ठेवलं की धूर उठतो तोच आत वळायचा. हातभर दूर गेलं की काही उपयोग नाही. दर वेळी पाईप फिरवला की नसराळंही फिरवायचं, ही नवी कटकट होती. योगराज कुरकुरला. हिलालने काळी काच वर केली आणि नसराळं स्वतःच फिरवून घेतलं.

दुसरी गोष्ट मात्र उषाबाईच्या हातात होती. धूर वर न्यायचा तर धुराडं तिच्या गच्चीच्या वर काढावं लागणार, आणि तेवढा उंच पाईप हिलालच्या पत्र्यावर टिकणार नव्हता. तिच्या भिंतीत क्लँप ठोकावे लागणार होते.

तो संध्याकाळी तिच्या दारात गेला. दत्तू कामावर निघण्याच्या तयारीत होता. हिलाल उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"ताई, त्या दिवशी मी वाकडं बोललो."

"बसा, चहा टाकते," उषाबाई म्हणाली.

त्याने सगळं सांगितलं. जमिनीवर बोटाने पाईप कसा जाईल ते काढून दाखवलं. दत्तू म्हणाला, भिंत जुनी आहे, ठोकाठोकीने प्लॅस्टर पडेल. हिलाल म्हणाला, पडेल तेवढं मी भरून देतो. दत्तूने बायकोकडे पाहिलं.

उषाबाई विचार करत होती. "गच्चीच्या कठड्यापर्यंत नेता म्हणताव?"

"हो."

"मग तो धूर गच्चीवर पडंल, आणि तिथून जिन्यानं घरात. हिवाळ्यात सकाळी वारं इकडून येतं, दुपारी फिरतं. पावसाळ्यात पार उलटं, समुद्राकडून. साड्या वाळवून वाळवून मला वाऱ्याची सगळी खोड माहीत हाय. कठड्याच्या वर पुरुषभर न्या, मगच ठोका."

"एवढा उंच डुलेल, ताई."

"तर तारा बांधा. आमच्या गच्चीला कड्या हायत."

सुट्टीच्या दिवशी धुराडं उभं राहिलं. दत्तूने शिडी धरली, योगराज वर चढला, हिलालने खालून तुकडे जोडून दिले. टोकाला पावसासाठी पत्र्याची टोपी बसवली. तीन बाजूंनी तारा ओढल्या. प्लॅस्टरचा मोठा पोपडा पडलाच. दत्तूने तो उचलून हिलालच्या हातात दिला आणि दोघंही हसले.

उषाबाईने मात्र काम जमलं असं लगेच मान्य केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक जुना पांढरा परकर घेतला, त्यावर गोंदाचे पट्टे ओढले आणि अंगणातल्या खाटेवर पसरला. "आज दिवसभर काम करा," तिने हिलालला सांगितलं. "मग बोलू."

हिलालने दिवसभर काम केलं. ब्लोअर घरघरत होता. वर टोपीखालून फिकट धूर निघायचा, वाऱ्यात पसरायचा आणि दिसेनासा व्हायचा. गल्लीतली दोन-चार माणसं माना वर करून बघत उभी राहिली. संध्याकाळी सगळे अंगणात जमले. धुरपदाबाईही आली. उषाबाईने परकर उजेडाकडे धरला. गोंद वाळून पारदर्शक झाला होता. एका कोपऱ्यात काळपट ठिपका होता. योगराजचा चेहरा पडला.

उषाबाईने ठिपका नखाने खरवडला, वास घेतला. "कावळा," ती म्हणाली.

धुरपदाबाईला इतकं हसू आलं की ती खाटेवर बसली, आणि उषाबाई तिच्या शेजारी. तापाच्या संध्याकाळनंतर दोघी एकमेकींशी पहिल्यांदाच धड बोलत होत्या. साडीवर टिकली ओळीत कशी बसवतात ते धुरपदाबाईने विचारून घेतलं, आणि अंधार पडेपर्यंत दोघींचं चाललं होतं.

कोसाडचं उरलेलं काम हिलालने वेगळ्या रीतीने केलं. जिथे जोड यायचा तिथलं जस्त आधी कानशीने घासून टाकायचं, खालचं काळं लोखंड दिसलं की मगच रॉड लावायचा. त्यात वेळ जायचा. कंत्राटदार रोज येऊन घड्याळ दाखवायचा. "घड्याळ तुमचं आहे, छाती माझी आहे," हिलाल एकदा त्याला म्हणाला. कठडे थोडे उशिरा गेले, पण गेले. ताप पुन्हा आला नाही.

संक्रांतीला, तिकडच्या उत्तरायणाला, धुराड्याने गल्लीतले निम्मे पतंग पकडले. पोरं ओरडायला लागली तसा हिलाल उषाबाईच्या गच्चीवर चढला आणि तारांतून मांजा सोडवत बसला. पावसाळ्यात टोपी वाऱ्याने एकदा उडाली आणि ब्लोअरमध्ये पाणी उतरलं. मोटर जळली. हिलालने चार दिवस बाहेर ओट्यावर ताडपत्रीखाली काम केलं आणि नवी मोटर येईपर्यंत शटरच्या आत रॉड पेटवला नाही. खोकला अगदी गेला असं नाही. जुना धूर कुठेतरी बसलेला असणारच. पण थंडीतली रात्र आता तो एका अंगावर झोपून काढायचा, उठून बसावं लागत नसे.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टर देसाईंनी पाठवलेला एक माणूस दुकान शोधत आला. सुकलाल त्याचं नाव, कामरेजला हायवेवर त्याचं वेल्डिंगचं दुकान. ट्रॉल्या आणि फाटकं करायचा. त्यालाही जस्ताच्या कामाने ताप भरला होता. डॉक्टरांनी गोळी दिली आणि म्हणाले, कतारगामला जाऊन हिलाल मिस्त्रीचं धुराडं बघ.

सुकलालने नसराळं हातात घेऊन फिरवून पाहिलं, ब्लोअरला कान लावला, बाहेर जाऊन टोपीपर्यंत नजर नेली. खिशातून खडू काढून पाईपची जाडी विचारायला लागला.

"जाडी सांगतो," हिलाल म्हणाला. "पहिले हे सांग, तुझ्या दुकानामागे कोण राहतं?"

"मागे? कुणी नाही. उसाचं शेत आहे."

"ऊस तोडायला माणसं येतात ना?"

"येतात की. आपल्याकडचीच, नंदुरबारकडची. दुकानामागेच पालं टाकून राहतात तोड संपेपर्यंत."

"मग पाईप उंच घे," हिलाल म्हणाला, आणि दोन चहा सांगायला बाहेर गेला.